संगणकाची स्पंदगती आणि आमच्याकडचा उन्हाळा

मागील हिवाळ्यात विज्ञान प्रदर्शनाची तयारी चालू असता नववीच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने आम्हांस दोन प्रश्न विचारले. पहिला असा : "सर, संगणकाचा वेग कारखान्याने ठरविलेला असतो, तो आपल्यास वाढविता येतो, हे खरे काय?" आम्ही होकारार्थी मान हलविताच त्याने दुसरा प्रश्न केला : "मग कारखान्याने तो स्वतःच का वाढवून दिला नाही?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोणताही जाणता दुकानदार देईल. दुसरा प्रश्न मात्र मोलाचा आहे, आणि त्याचे उत्तर शोधताना आम्ही जे शिकलो, ज्यात आमच्या हातून घडलेली एक चूकही येते, ते या लेखात सांगण्याचे योजिले आहे.

प्रथम वेग म्हणजे काय, ते पाहू. संगणकाचे जे गणन करणारे अंग, ज्यास आपण प्रोसेसर म्हणतो, ते एका तालावर चालते. मदरबोर्डावर क्वार्ट्झचा एक लहानसा स्फटिक असतो. विद्युत्भाराखाली तो ठरावीक गतीने कंप पावतो, आणि त्या कंपांपासून एक पायाभूत ठेका तयार होतो. अलीकडील बहुतेक यंत्रांत हा ठेका सेकंदास १० कोटी, म्हणजे १०० मेगाहर्ट्झ असतो. प्रोसेसर त्यास एका अंकाने गुणतो. हा गुणक ३३ असेल तर प्रोसेसरची स्पंदगती ३,३०० मेगाहर्ट्झ, म्हणजे ३.३ गिगाहर्ट्झ होते. गुणक ४२ केला की तीच ४.२ गिगाहर्ट्झ होते. कारखान्याने नेमून दिलेल्या गतीच्या वर ती नेणे, यालाच ओव्हरक्लॉकिंग असे नाव आहे. करण्याची क्रिया एवढीच; एक आकडा बदलावयाचा. अवघड आहे ते त्याचे परिणाम जाणणे.

आपण शाळेच्या मैदानावर लेझीम खेळता, त्याचा दृष्टान्त येथे फार उपयोगी पडतो. हलगीच्या एका ठोक्यावर सर्वांनी एक हात पूर्ण करावयाचा, आणि दुसरा ठोका पडण्यापूर्वी पुढच्या हाताच्या तयारीत उभे राहावयाचे. ठेका संथ असेल तर शंभर मुलांची रांग एका माणसाप्रमाणे हलते. हलगीवाल्याने ठेका वाढविला, तर पुढच्या रांगेतील चपळ मुले तो सहज धरतील. परंतु मागच्या रांगेत कोठेतरी एखाद्याचा हात अर्ध्यावर असतानाच पुढचा ठोका पडेल. चूक एकाची, पण मोडला तो सर्वांचा खेळ. प्रोसेसरमध्ये कोट्यवधी सूक्ष्म विद्युत्स्विच असतात. एका स्पंदात संकेताला त्यांच्या एका लांबलचक साखळीतून पार व्हावे लागते. ज्या साखळीस सर्वांत अधिक वेळ लागतो, तीच संपूर्ण प्रोसेसरच्या वेगाची मर्यादा ठरविते. शेवटच्या रांगेतील तो मुलगा म्हणजेच ही साखळी होय.

हा अवधी किती अल्प असतो, याची कल्पना यावी म्हणून एक हिशेब देतो. स्पंदगती ४ गिगाहर्ट्झ असता एका स्पंदास सेकंदाचा चार अब्जावा भाग मिळतो. प्रकाश सेकंदास सुमारे ३ लक्ष किलोमीटर जातो. तो इतक्या अवधीत केवळ साडेसात सेंटिमीटर पुढे सरकतो. आपल्या करंगळीहून थोडे अधिक. तेवढ्या वेळात ती साखळी पूर्ण व्हावयाची असते.

आता त्या विद्यार्थ्याच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. सिलिकॉनच्या एकाच चकतीतून शेकडो प्रोसेसर कापले जातात. परंतु एका शेतातील सर्व बोंडे जशी सारखी भरत नाहीत, तसेच यांचेही आहे. कारखान्यात प्रत्येकाची परीक्षा होते, आणि त्याच्या कुवतीप्रमाणे त्यावर गती छापली जाते. ही गती ठरविताना कारखाना ग्राहकाच्या घरची सर्वोत्तम स्थिती गृहीत धरीत नाही, तर वाईट स्थिती धरतो. खोली तापलेली असेल, पंख्यात धूळ असेल, विद्युत्दाब क्षणभर घसरेल, आणि काही वर्षांनी प्रोसेसर स्वतःही थोडा मंदावेल, हे सर्व जमेस धरून तो आपली गती आखतो. म्हणून छापलेली गती आणि प्रत्यक्ष कुवत यांत काही अंतर शिल्लक राहते. ओव्हरक्लॉकिंग करणारा मनुष्य हेच अंतर खर्ची टाकतो. ते फुकट मिळालेले धन आहे अशी पुष्कळांची समजूत असते, पण तो आपत्काळासाठी राखून ठेवलेला साठा होय.

तथापि हे अंतर कधीकधी फार मोठे असे, हेही खरे. १९९८ साली इंटेल कंपनीने सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्त प्रोसेसर विक्रीस काढला. त्याची नेमलेली गती ३०० मेगाहर्ट्झ होती. पायाभूत ठेका ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेला की तोच ४५० मेगाहर्ट्झने धावे, म्हणजे दीडपट. आणि अनेकांच्या घरी तो त्या गतीने वर्षानुवर्षे बिनतक्रार चालला. त्यापूर्वी हे फेरफार मदरबोर्डावरील जंपर नावाच्या चिमुकल्या टोप्या काढून-घालून करावे लागत. त्याच सुमारास ते बायोसच्या पडद्यावरून करण्याची सोय काही मदरबोर्डांत झाली. बायोस म्हणजे यंत्र सुरू होताच, विंडोज वगैरे प्रणाली येण्यापूर्वी, सर्व अंगांची जुळणी करणारी मूळ आज्ञावली. तीत शिरण्यास यंत्र सुरू होताना बहुधा डिलीट किंवा एफ-२ ही कळ दाबावी लागते.

वेग वाढविल्यावर मागे पडणाऱ्या साखळीस सावरण्याचा एक उपाय आहे : प्रोसेसरला पुरविला जाणारा विद्युत्दाब किंचित वाढविणे. दाब वाढला की स्विच अधिक त्वरेने उघडतात व मिटतात. लेझीम खेळणाऱ्या मुलांस गूळ-शेंगदाणे दिल्यासारखेच हे झाले. परंतु या उपायाची किंमत उष्णतेच्या रूपाने मोजावी लागते. प्रोसेसरमध्ये निर्माण होणारी उष्णता स्पंदगतीच्या सम प्रमाणात, आणि विद्युत्दाबाच्या वर्गाच्या सम प्रमाणात वाढते. हा 'वर्ग' शब्द नीट ध्यानी घ्यावा. सारी मेख त्यातच आहे.

उदाहरण घेऊ. समजा, ३.३ गिगाहर्ट्झ गती आणि १.२० व्होल्ट दाब असता एक प्रोसेसर पूर्ण श्रमात ८० वॉट उष्णता देतो. आपण त्याची गती ४.२ केली आणि ती पेलावी म्हणून दाब १.३० व्होल्ट केला. गती ४.२ भागिले ३.३, म्हणजे १.२७ पट झाली. दाब १.०८ पट झाला. त्याचा वर्ग १.१७. या दोहोंचा गुणाकार सुमारे १.४९. म्हणजे काम वाढले शेकडा २७, आणि उष्णता वाढली शेकडा ४९. आता ८० वॉटच्या जागी १२० वॉट बाहेर टाकावयाचे आहेत.

ही उष्णता हीटसिंक नावाच्या धातूच्या पात्यांच्या जुडग्यातून, पंख्याच्या वाऱ्याने बाहेर जाते. एखाद्या साधारण हीटसिंकमुळे प्रत्येक वॉटमागे प्रोसेसरचा गाभा खोलीतील हवेपेक्षा ०.४ अंशाने अधिक तापतो असे धरू. तर १२० वॉटला तो हवेपेक्षा ४८ अंश अधिक तापेल. येथे 'हवेपेक्षा' हा शब्द आला, आणि येथेच आमच्या इंद्रवेल्लीचा संबंध येतो.

संगणकविषयक पुस्तकांतून जी तापमाने दिलेली असतात, ती बहुधा थंड देशांतील किंवा वातानुकूलित खोलीतील असतात. लेखकाच्या खोलीत २२ अंश असतात. २२ अधिक ४८ म्हणजे ७०, उत्तम. आमचा आदिलाबाद जिल्हा मात्र दोन टोकांचा आहे. केस्लापूरला नागोबाची जत्रा भरते त्या पुष्य अमावास्येच्या सुमारास पहाटे शेकोटीशिवाय बसवत नाही. पारा १० अंशांच्या खाली उतरतो. आणि मे महिन्यात तोच पारा ४४-४५ अंशांवर चढतो. कौलारू वा पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत दुपारी ४३ अंश असले, तर ४३ अधिक ४८ म्हणजे ९१. बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास स्वतःच आपली गती कमी करू लागतात. म्हणजे जी जुळणी जानेवारीत निर्धोक, तीच मे महिन्यात काठावर येऊन उभी राहते. पुस्तक खोटे नसते. ते आपल्या गावासाठी लिहिलेले नसते इतकेच.

उष्णतेने आणखी एक हानी होते, ती डोळ्यांस दिसत नाही. प्रोसेसरमधील तारा इतक्या बारीक असतात की, विद्युत्प्रवाहाच्या लोंढ्याने त्यांतील धातूचे अणू हळूहळू जागचे सरकतात. तापमान आणि प्रवाह वाढला की ही झीज झपाट्याने वाढते. आज निर्वेध चाललेली गती दोन वर्षांनी त्याच प्रोसेसरला पेलत नाही, याचे कारण पुष्कळदा हेच असते.

उष्णतेच्या या भिंतीवर कारखानेही आपटले आहेत. मूळचा पेंटियम १९९३ साली ६० व ६६ मेगाहर्ट्झ गतीने अवतरला. (त्याच्या निर्मितीत अग्रभागी असलेले विनोद धाम यांचा जन्म पुण्याचा, हे आपल्यास ठाऊक असावे.) पुढे अकरा वर्षांत ही गती ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचली. परंतु २००४ साली पेंटियम ४ ला ४ गिगाहर्ट्झवर नेण्याचा बेत कंपनीस सोडून द्यावा लागला. ठेका वाढविण्याऐवजी एकाच प्रोसेसरात अनेक कोअर बसविण्याचा मार्ग तेव्हापासून रूढ झाला. अनेक हातांनी काम वाटून घेण्याची ही कल्पना पुण्यास जुनीच आहे. १९८८ साली तेथे स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला, तो अनेक लहान प्रोसेसर एकमेकांस जोडूनच. असो, विषयांतर झाले.

आता धोका कोणता, ते नीट समजून घेऊ. यंत्र जळेल, ही भीती सर्वांस वाटते. पण आजचे प्रोसेसर अतितप्त झाल्यास बहुधा स्वतःस बंद करून घेतात. खरा धोका याहून सूक्ष्म आहे. मागच्या रांगेतील मुलाचा एक हात चुकतो, आणि खेळ मात्र चालूच राहतो. यंत्र थांबत नाही, तक्रार करीत नाही. केवळ एका ठिकाणी चुकीचा अंक लिहून पुढे जाते. अशी मूक चूक काय करू शकते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे, जरी त्याचे कारण वेग नसून रचनेतील दोष होते. १९९४ साली असे आढळले की, आरंभीच्या पेंटियममध्ये भागाकाराच्या कोष्टकातील पाच नोंदी गळल्या होत्या. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागले असता उत्तर १.३३३८२० यावयाचे, ते १.३३३७३९ येई. चौथ्या दशांश स्थळावर चूक! थॉमस नाइसली नावाच्या गणिताच्या प्राध्यापकाने मूळ संख्यांचा अभ्यास करताना ती पकडली. इंटेलला प्रोसेसर बदलून देण्याची तयारी दाखवावी लागली आणि त्यापायी ४७.५ कोटी डॉलरची तजवीज करावी लागली. तो दोष अगदी क्वचित प्रकट होत असे, तरीही लोकांनी तो सहन केला नाही. ओव्हरक्लॉकिंग करताना आपण अशीच शक्यता आपल्या हाताने घरात घेत असतो.

आता आमचा प्रयोग सांगतो. शाळेत एक जुना, वापरातून काढलेला डेस्कटॉप होता. चार कोअरचा प्रोसेसर, नेमलेली गती ३.३ गिगाहर्ट्झ, आणि सुदैवाने गुणक खुला. हे सुदैव सर्वांच्या वाट्यास येत नाही. इंटेलचे ज्या प्रोसेसरांच्या नावाशेवटी के हे अक्षर असते त्यांचाच गुणक सामान्यतः खुला असतो, आणि मदरबोर्डही झेड मालिकेच्या चिपसेटचा लागतो. एएमडीच्या रायझन प्रोसेसरांपैकी बहुतेकांचा गुणक खुला असतो, पण ए मालिकेचे स्वस्त मदरबोर्ड तो बदलू देत नाहीत. आमच्या प्रयोगशाळेतील इतर सर्व यंत्रे कुलूपबंदच निघाली. अशा यंत्रांत पायाभूत ठेकाच वाढविण्याची युक्ती काहीजण सुचवितात. ती करू नये. पुष्कळ मदरबोर्डांवर त्याच ठेक्याला हार्ड डिस्कची व इतर जोडण्यांची गतीही बांधलेली असते. ठेका हलला की साठविलेल्या माहितीवरच घाला येतो.

मुख्याध्यापकांनी अनुमती दिली, पण एक अट घातली : या यंत्रावर शाळेचे किंवा विद्यार्थ्यांचे काही ठेवावयाचे नाही. ही अट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम आहे.

प्रथम आम्ही काहीच वाढविले नाही. हीटसिंक काढून स्वच्छ केला. आमचा मुलूख कापसाचा. वेचणीच्या दिवसांत हवेतून उडणारे तंतू पात्यांत अडकून त्यांची अक्षरशः गादी झाली होती. वाळून खडखडीत झालेला उष्णतावाहक लेप स्पिरिटने पुसून नवा, मसुराच्या दाण्याएवढा, लावला. एवढ्यानेच पूर्ण श्रमातील तापमान १२ अंशांनी उतरले. त्यानंतर बायोसची मूळ जुळणी वहीत उतरविली आणि पडद्याचे छायाचित्रही घेतले. यंत्र सुरूच होईनासे झाले तर मदरबोर्डावरील 'क्लिअर सीमॉस' या दोन टाचण्या क्षणभर जोडून, अथवा वीज पूर्ण काढून गोल बटणासारखी बॅटरी काही मिनिटे बाहेर ठेवून, मूळ जुळणी परत आणता येते. हे मुलांकडून आधीच एकदा करवून घेतले. विहिरीत उतरण्यापूर्वी दोर तपासावा तसे.

पहिली घाई येथेच झाली. गुणक एकदम ४२ केला आणि विद्युत्दाब 'ऑटो' वर, म्हणजे मदरबोर्डाच्या मर्जीवर, सोडला. यंत्र झकास सुरू झाले. मुलांनी टाळ्या वाजविल्या. परंतु दाब पाहतो तो १.४१ व्होल्ट! मदरबोर्डाने सावधगिरी म्हणून नव्हे, तर यंत्र बंद पडू नये म्हणून हात सैल सोडला होता. डिसेंबरच्या थंडीतही गाभ्याचे तापमान दोन मिनिटांत ७८ अंश झाले. आम्ही तत्काळ सर्व मूळपदावर आणले.

मदरबोर्डावर विसंबण्याची ही चूक एकट्या आमचीच नव्हे. २०२३ साली एएमडीच्या ७००० एक्स-थ्री-डी मालिकेचे काही प्रोसेसर मदरबोर्डाने दिलेल्या अधिक दाबाने जळाले. त्यानंतर एसओसी या भागाच्या दाबास १.३ व्होल्टची मर्यादा घालणारे नवे बायोस काढावे लागले. २०२४ साली इंटेलच्या १३व्या व १४व्या पिढीतील वरच्या दर्जाचे प्रोसेसर अस्थिर होऊ लागले. प्रोसेसरच गरजेहून अधिक दाब मागत असून त्यामुळे त्याची झीज होत असल्याचे उघड झाले. कंपनीने ऑगस्टमध्ये १.५५ व्होल्टच्या वरील मागणी रोखणारी दुरुस्ती दिली आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढविली. त्या प्रकरणात अनेक मदरबोर्डांच्या मूळ जुळणीतच शक्तीच्या मर्यादा शिथिल केलेल्या आढळल्या होत्या. म्हणून नव्या यंत्राच्या धन्याने, त्यास वेग वाढवावयाचा असो वा नसो, मदरबोर्डाचे नवे बायोस घालावे आणि शक्तिमर्यादा प्रोसेसर करणाऱ्या कंपनीने सांगितल्याप्रमाणे आहेत काय, ते एकदा पाहावे.

त्यानंतर आम्ही रीतीने आरंभ केला. दाब आपल्या हातांनी १.२० वर स्थिर केला, स्मृतीची म्हणजे रॅमची गती मूळचीच ठेवली, आणि गुणक एकेक पायरीने वाढविला. एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची, हा नियम आमच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिला होता. कारण दोन गोष्टी एकदम बदलल्या तर चूक कोणाची, हे कळत नाही. प्रत्येक पायरीवर अर्धा तास कसोटी. त्यासाठी प्राइम९५ ही आज्ञावली वापरली. मर्सेन मूळ संख्या शोधण्यासाठी १९९६ साली सुरू झालेल्या जागतिक उपक्रमासाठी ती लिहिली गेली. ती प्रोसेसरकडून प्रचंड गुणाकार करवून घेते आणि आधीच ठाऊक असलेल्या उत्तरांशी ताडून पाहते. चूक झाली की तत्काळ सांगते. रॅमसाठी मेमटेस्ट८६ आणि तापमान व दाब पाहण्यासाठी एचडब्ल्यूइन्फो, एवढी सामग्री पुरेशी आहे.

३.८ गिगाहर्ट्झपर्यंत दाब न वाढविताच सर्व सुरळीत चालले. ४.० ला पाचव्या मिनिटास चूक आली, दाब १.२५ केल्यावर ती गेली. ४.२ ला १.३० व्होल्ट लागले. ४.३ ला यंत्र गोठले, आणि त्यास १.३८ पर्यंत दाब हवा असे दिसले. येथे आम्ही थांबलो. शंभर मेगाहर्ट्झसाठी एवढा दाब मागणे म्हणजे उतार संपून चढ लागल्याची खूण होय. भराभर श्रम वाढला असता दाब क्षणभर खचतो, तो सावरण्यासाठी बायोसमध्ये 'लोड लाइन कॅलिब्रेशन' असते. तेही मधल्या पायरीवरच ठेवावे. अगदी वरच्या पायरीवर श्रम संपताक्षणी दाब उसळी घेतो. जानेवारीच्या एका रात्री ४.२ गिगाहर्ट्झवर कसोटी आठ तास चालली. खोलीत १८ अंश, गाभ्यात ६६. एकही चूक नाही. वहीत तांबड्या शाईने 'उत्तीर्ण' असे लिहिले.

या एका शब्दाने आम्हांस गाफील केले. मार्च महिन्यात प्रयोगशाळेतील एक यंत्र बिघडले, तेव्हा आम्ही हे वेगवान यंत्र त्याच्या जागी मांडले. मुख्याध्यापकांची अट आम्ही विसरलो असे नाही. ती आता आवश्यक नाही असे आम्हीच ठरविले. आठवीतील एक मुलगी त्या यंत्रावर शब्दसंग्रह टंकलिखित करीत होती. आपल्या आजीकडून तिने रानातील झाडे, पाखरे आणि शेतीची अवजारे यांची गोंडी नावे मिळविली होती आणि त्यांपुढे मराठी व तेलुगू शब्द ती लिहीत होती. चित्रांसह सारी धारिका तिने एप्रिलच्या एका दुपारी झिप करून ठेवली, आणि जागा मोकळी करावी म्हणून मूळ प्रत काढून टाकली. दुसऱ्या दिवशी ती गाठोडी उघडेना. अशा गाठोडीत मजकुराबरोबर त्यापासून काढलेला एक ताळ्याचा अंक ठेवलेला असतो. उघडताना तो पुन्हा काढून ताडला जातो. ताळा जुळत नव्हता. बांधतानाच कोठेतरी अंक चुकला होता.

आम्ही त्याच दुपारी प्राइम९५ लावले. खोलीत ४० अंश होते, पात्यांत पुन्हा तंतू भरू लागले होते, गाभा ९० वर गेला. चाळिसाव्या मिनिटास चार कोअरपैकी एकाने चूक केली. जानेवारीत आठ तास न चुकलेले तेच यंत्र, तीच गती, तोच दाब! तापल्यावर मागच्या रांगेतील ती साखळी किंचित मंदावली होती. एवढेच पुरेसे झाले. आमची परीक्षा खरी होती, पण ती थंडीची परीक्षा होती.

त्या मुलीची वही सुदैवाने शाबूत होती. तिने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी सर्व शब्द पुन्हा टंकलिखित केले. त्यास नऊ दिवस लागले. आजीकडून ऐकून थेट यंत्रावरच घातलेले काही शब्द मात्र वहीत नव्हते, आणि त्यांतील कोणते राहिले, हे तिलाही सर्व आठवेना. आम्ही वर्गासमोर तिची क्षमा मागितली. सुटीत ती पुन्हा आजीजवळ बसून लिहून आणीन म्हणाली.

त्यानंतर यंत्राची नवी जुळणी केली : ३.८ गिगाहर्ट्झ, १.२० व्होल्ट. वरच्याच सूत्राने हिशेब करून पाहा. दाब न बदलल्यामुळे येथे गती शेकडा १५ वाढते आणि उष्णताही शेकडा १५ च. ८० चे ९२ वॉट, हवेपेक्षा सुमारे ३७ अंश. म्हणजे ४३ अंशांच्या खोलीतही ८०. मे महिन्याच्या दुपारी दोन ते सहा अशी कसोटी आम्ही सलग तीन दिवस घेतली, मगच ती जुळणी मान्य केली. कुलूपबंद नसलेल्या यंत्रात याच्या उलटही करून पाहण्यासारखे आहे : गती नेमलेलीच ठेवावी आणि दाब हळूहळू उतरवावा. १.२० चे १.१० व्होल्ट झाले तरी उष्णता शेकडा १६ घटते. आमच्या मते आपल्याकडच्या उन्हाळ्यात ही युक्ती अधिक उपयोगाची आहे. कसोट्या मात्र तितक्याच कडक घ्याव्या लागतात, कारण दाब कमी पडला तरी मूक चुका होतातच.

काही वाचक विचारतील, या वेगाचा लाभ किती? निबंध टंकलिखित करणे, चित्र पाहणे यांत काडीचाही नाही. मोठी चलत्‌चित्रे रूपांतरित करणे, लांबलचक गणिते सोडविणे यांत दिसतो. जुन्या यंत्राच्या फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसविली तर त्याहून कितीतरी अधिक फरक प्रत्यही जाणवतो, आणि त्यात धोका नाही. द्रवरूप हेलियम ओतून प्रोसेसर थंड करणाऱ्यांनी २०२२ साली ९ गिगाहर्ट्झची सीमा ओलांडली. ते काही क्षणांचे कौतुक आहे, आणि त्यांच्या यंत्रावर कोणाचा शब्दसंग्रह नसतो.

आमचे ते यंत्र सध्या प्रयोगशाळेच्या खिडकीजवळ आहे. त्याच्या पेटीवर मुलांनी एक कागद चिकटविला आहे. त्यावर गती, दाब, शेवटच्या कसोटीचा दिनांक आणि त्या वेळचे खोलीचे तापमान लिहिलेले असते. हा चौथा रकाना जानेवारीत नव्हता.